साखर किती घालू?

आपल्या मराठी घरांत कॉफीला एक वेगळाच मान आहे. चहा रोजचा, कॉफी प्रसंगाची. महाशिवरात्रीच्या जागरणाला कॉफी, उपासाच्या दिवशी दुपारी कॉफी, सर्दीने डोकं जड झालं की कॉफी आणि घरी जरा मानाचे पाहुणे आले की जायफळ-वेलदोडा घातलेली, भरपूर दुधाची, घरभर वास दरवळवणारी कॉफी. करायची रीतही ठरलेली. पातेल्यात दूध, त्यात साखर, वर कॉफीची पूड, एक उकळी, की झालं! पुढे उडपी हॉटेलांनी आपल्याला पेला-वाटीतल्या फेसाळ फिल्टर कॉफीची गोडी लावली. माटुंग्यापासून ती ठाणे, डोंबिवली, कल्याणपर्यंत स्टेशनाबाहेरच्या प्रत्येक नाक्यावर येऊन पोचली. अलीकडे वातानुकूलित कॉफीगृहंही आपल्या उपनगरांत जागोजागी उघडली आहेत. या सगळ्या गर्दीत 'तुर्की कॉफी' हे नाव आपण ऐकलेलं असतं, पण ते बहुतेक नुसतं ऐकलेलंच.

मला ती कॉफी भेटली इस्तंबूलमध्ये, ऑक्टोबर २०२२ मध्ये. नोकरीची तेहतीस वर्षं डोंबिवली ते फोर्ट अशा प्रवासात गेली. निवृत्तीनंतर ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या चौदा जणांच्या गटाबरोबर तुर्कस्तानची सहल ठरली. (त्या देशाने २०२२ पासून आपलं अधिकृत नाव 'तुर्किये' असं केलं आहे, पण आपल्या जिभेवर अजून तुर्कस्तानच आहे.) मशिदी, राजवाडे, बॉस्फरसची बोटीतली फेरी हे सगळं कार्यक्रमपत्रिकेत होतंच. त्यात एका सकाळपुढे लिहिलं होतं, 'तुर्की कॉफी स्वतः करून पाहा, दोन तास'. कॉफी करायला दोन तास? आमच्या गटातले बँकेतून निवृत्त झालेले ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, "अहो, दोन तासांत आमच्या हिने पंचवीस माणसांचा स्वयंपाक उरकला असता!"

कार्यशाळा होती एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. लांब लाकडी टेबल, त्यावर प्रत्येकापुढे एक छोटी शेगडी, एक लाकडी चमचा, दोन चिमुकले कप आणि एक तांब्याचं भांडं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या. त्यांनी सांगितलं, "मला आब्ला म्हणा." आब्ला म्हणजे ताई. आमच्या गटातल्या कल्याणच्या नणंद-भावजया एकदम खुलल्या. परक्या देशात ताई मिळाली म्हटल्यावर अर्धी भीड तिथेच संपली.

ते तांब्याचं भांडं म्हणजे 'जेझ्वे'. आपल्या लोटीला लांब दांडा लावावा, तसं. बूड रुंद, गळा अरुंद, तोंडाला ओतण्यापुरती चोच. आतून चकचकीत पांढरं. मी आत बोट फिरवून पाहिलं आणि म्हटलं, ही तर कल्हई! आब्लाला विचारलं, तर ती म्हणाली, "कालाय." तुर्की भाषेत कथलाला कालाय म्हणतात आणि आपली कल्हई त्याच कुळातली. आमच्या लहानपणी डोंबिवलीत 'कल्हईऽऽ' अशी आरोळी देत कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा तो नाकात जाणारा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात चांदीसारखं होणारं पातेलं बघायला आम्ही पोरं कोंडाळं करून उभी राहायचो. स्टेनलेस स्टील आलं आणि तो माणूस दिसेनासा झाला. जेझ्वेला मात्र अजून कल्हई लागते, कारण नुसत्या तांब्यात आंबट पदार्थ कळकतो आणि कॉफी जात्याच थोडी आंबट.

मग सुरू झाला धडा. पहिली गोष्ट पुडीची. तुर्की कॉफीची पूड मैद्यासारखी असते, फिल्टर कॉफीच्या पुडीपेक्षा कितीतरी बारीक. कारण ही कॉफी गाळायची नसते. पूड कपातच जाते, तळाशी बसते आणि वरचं पेय आपण पितो. दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी थंड घ्यायचं आणि ज्या कपातून प्यायचं त्याच कपाने मोजायचं. हा कप म्हणजे 'फिंजान', आपल्या कटिंग चहाच्या ग्लासापेक्षाही लहान. एका फिंजानाला दोन लहान चमचे पूड.

तिसरी गोष्ट साखरेची. आब्लाने पूड जेझ्वेत घातली, पाणी ओतलं आणि हात थांबवला. म्हणाली, "आता पुढचं काम हाताचं नाही, तोंडाचं. ज्याला कॉफी द्यायची त्याला विचारा." तुर्की कॉफीत साखर आधीच घालावी लागते, पूड आणि पाण्याबरोबर. मागाहून घालून ढवळली, तर तळाशी बसलेला गाळ वर येतो आणि कॉफी चिखलासारखी होते. त्यामुळे यजमानाने शेगडी पेटवण्यापूर्वी प्रत्येक पाहुण्याला विचारायचं, साखर किती? उत्तरं ठरलेली. 'चोक शेकेरली' म्हणजे पुष्कळ गोड. 'ओर्ता' म्हणजे मध्यम. 'आझ शेकेरली' म्हणजे थोडी गोड. आणि 'सादे' म्हणजे बिनसाखरेची, साधी. शेकेर म्हणजे आपली साखर आणि सादे म्हणजे आपलं सादं, साधं. चौघांची चार उत्तरं आली, तर चार वेळा जेझ्वे चढवायची. सगळ्यांना मिळून एकच आधण, हा प्रकारच नाही.

मग मंद आच. सुरुवातीला लाकडी चमच्याने साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, त्यानंतर चमचा बाजूला. आता नुसतं बघायचं. तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. मग कडेने एक गडद कडं उमटतं, ते हळूहळू आत सरकतं, मध्यावर एक छोटा डोळा उरतो आणि तो मिटता मिटता सगळा फेस एकदम वर चढतो. उकळी फुटण्याआधीच, त्याच क्षणी जेझ्वे उचलायची. उकळलं की फेस मोडतो आणि चव कडवट होते. भांड्याचा गळा अरुंद का, तेही इथे कळतं. वर येणारा फेस तिथे दाटतो, पसरून विरत नाही. उचललेल्या जेझ्वेतून चमच्याने थोडा थोडा फेस प्रत्येक फिंजानात वाटायचा, पुन्हा क्षणभर आचेवर धरायचं आणि मग उरलेली कॉफी कडेने अलगद ओतायची. बिनफेसाची कॉफी पाहुण्यापुढे ठेवणं तिथे कमीपणाचं. आणि फेस एकाला जास्त, दुसऱ्याला कमी, असंही चालत नाही. आपल्याकडे दुधावरची साय वाटताना जी काळजी, तीच.

गंमत पुढे झाली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला इतर देशांतली काही तरुण मुलं-मुली होती. त्यातल्या दोघांचे हात मोबाइलवर फोटो काढण्यात गुंतले आणि त्यांच्या जेझ्वे भसकन उतू गेल्या. आमच्या बाजूला मात्र एकाही बाईची कॉफी उतू गेली नाही. आब्लाला नवल वाटलं. कल्याणच्या भावजयबाईंनी तिला खुलासा केला, "आम्ही लग्नाआधीपासून दुधावर लक्ष ठेवतोय!" उतू जायच्या आधीचा तो एक क्षण ओळखण्याची विद्या आपल्या बायकांना कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. आब्लाला हे भाषांतर करून सांगितल्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

कॉफी तयार झाली, तरी लगेच प्यायची नाही. गाळ बसायला एक-दोन मिनिटं द्यायची. शेजारी पाण्याचा पेला असतो. आधी घोटभर पाणी पिऊन तोंड स्वच्छ करायचं, मग कॉफीचा पहिला घोट. बरोबर 'लोकुम' नावाची मऊ मिठाई. शेवटचा घोट तळाशी ठेवायचा, कारण तिथे चिखल असतो. काहीजण कप बशीवर पालथा घालतात आणि गार झाल्यावर आत उमटलेल्या नक्षीवरून भविष्य सांगतात. त्यात खरंखोटं काही नाही, असं आब्लानेच सांगितलं. "पण कप गार व्हायला वेळ लागतो ना! तेवढा वेळ पाहुणा उठून जात नाही," असं ती म्हणाली.

त्या दोन तासांत तिने इतिहासही बराच सांगितला. परतल्यावर मी तो पुस्तकांतून ताडून पाहिला. कॉफीचं मूळ इथिओपियातलं, पण पेय म्हणून ती रुळली येमेनमध्ये, पंधराव्या शतकात. रात्रभर जप-ध्यान करणारे सूफी जागं राहण्यासाठी ती पीत. आपल्याकडे शिवरात्रीला कॉफी लागते, त्याचं हे थेट चुलतभावंडच! सोळाव्या शतकाच्या मध्यावर अलेप्पो आणि दमास्कस इथून आलेल्या दोघांनी इस्तंबूलमध्ये कॉफीगृहं उघडली, असं पेचेवी या तुर्की इतिहासकाराने नोंदवून ठेवलं आहे. पाहता पाहता तिथे बुद्धिबळ, काव्य, गप्पा आणि अर्थातच राजकारण रंगू लागलं. १६३३ मध्ये सुलतान चौथा मुराद याने कॉफीगृहं बंद करायचा हुकूम काढला. त्याला भीती पेयाची नव्हती, चार माणसं एकत्र बसून बोलतात याची होती. बंदी टिकली नाही. १८७१ मध्ये मेहमेट एफेंदी या व्यापाऱ्याने भाजून दळलेली कॉफी दुकानात विकायला सुरुवात केली. तोवर लोक हिरवे दाणे नेऊन घरी भाजत आणि दळत. मसाल्यांच्या बाजाराला लागून असलेलं ते दुकान अजून आहे आणि त्याच्या खिडकीपुढे कॉफीच्या पुड्यांसाठी रांग लागते. आपल्याकडे चितळ्यांच्या बाकरवडीला लागते तशीच. २०१३ मध्ये युनेस्कोने तुर्की कॉफीची संस्कृती जागतिक वारशाच्या अमूर्त यादीत नोंदवली. एवढं असून रोजच्या व्यवहारात तुर्की माणूस चहाच जास्त पितो. दरडोई चहा पिण्यात तो देश जगात आघाडीवर आहे. म्हणजे तिथेही चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची!

प्रसंगांवरून आठवलं. आब्लाने मुलगी बघण्याचा तिथला रिवाज सांगितला, तेव्हा आमच्या टेबलावर हास्याचा स्फोट झाला. मुलाकडची मंडळी मागणी घालायला येतात, तेव्हा मुलगी स्वतः कॉफी करून आणते. फेस कसा आलाय, याकडे सगळ्यांचं लक्ष. पण मुलीच्या हातीही एक हुकमाचं पान असतं. नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी ती मीठ घालते! तोंड वाकडं न करता तो ती प्यायला, तर गडी सोशिक आहे असं समजायचं. ठाण्याच्या गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या, "आपल्या कांद्यापोह्यांत ही सोय हवी होती." गृहस्थ गप्प राहिले.

आपल्या देशात कॉफी आली तीही त्याच वाटेने. येमेनच्या मोखा बंदरातून सूफी संत बाबा बुदान यांनी सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरात पेरले, अशी सतराव्या शतकातली आख्यायिका आहे. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण दाणे पेरले जाण्याआधीही कॉफी पिणारे इथे होते. जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज वकील टॉमस रो, त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने इथले लोक काळ्या बियांचं उकळलेलं पाणी पितात, अशी नोंद केली आहे. आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटात, चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे मात्र आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

आणि त्या समुद्रवाटेचं एक टोक तर आमच्या दाराशीच होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तांबड्या समुद्रातून येणाऱ्या गलबतांना ते ठाऊक होतं. पुढे अरब प्रवाशांनी ठाण्याबद्दल लिहिलं. कॉफी या बंदरांच्या भरभराटीनंतर पुष्कळ काळाने आली, पण शब्दांची ये-जा त्या वाटांवरून होतच राहिली. दुक्कान, पाझार, हेसाप, पेर्दे, साबुन, मेयदान हे शब्द इस्तंबूलच्या रस्त्यावर कानावर पडले की वाटायचं, आपण फडके रोडवरूनच चाललोय. १९२८ पासून तुर्की भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे पाट्या वाचून हे नातं कळत नाही. कान उघडे ठेवावे लागतात.

त्यातलाच एक शब्द मी गाठीला बांधून आणला. निरोप घेताना आब्लाने एक म्हण सांगितली. तिचा अर्थ असा की, एका फिंजानभर कॉफीची 'हातर' चाळीस वर्षं राहते. इंग्रजीत सांगताना ती अडखळली. आठवण म्हणावं, उपकार म्हणावं की मान म्हणावं, हे तिला ठरवता येईना. मला मात्र दुभाष्याची गरज उरली नव्हती. हातर म्हणजे आपली खातर! तुझ्या खातर, खातरदारी, खातरजमा यातली. अरबीतून तो शब्द त्यांच्याकडे गेला आणि फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे आला. दुसऱ्याला मनात जागा देणं, असा त्याचा गाभा. एक कप कॉफी कुणी प्रेमाने पाजली, तर चाळीस वर्षं ती खातर ठेवायची, असं तो समाज मानतो.

डोंबिवलीला परतले ती एक जेझ्वे आणि सहा फिंजानं घेऊन. इथे एक-दोन गोष्टी सांगते, कुणाला करून पाहायची असेल तर उपयोगी पडतील. आपल्या गॅसची शेगडी जेझ्वेला मोठी पडते. सर्वांत लहान बर्नर घ्यावा, वर जाळी ठेवावी आणि आच अगदी मंद करावी. बाजारात मिळणाऱ्या फिल्टर कॉफीत बहुधा चिकोरी मिसळलेली असते, ती चालत नाही. दाणे दळून देणाऱ्या दुकानात बिनचिकोरीची कॉफी मागावी आणि 'मैद्यासारखी बारीक' असं सांगावं. दुकानदार एकदा वर बघेल, पण देईल. जेझ्वे नसली, तर अरुंद तोंडाचं लहानसं भांडं घ्यावं. पसरट पातेल्यात फेस धरत नाही. आणि हे सगळं एक-दोन कपांपुरतंच करावं. थर्मासमध्ये भरून ठेवू म्हणाल, तर ते जमायचं नाही. उरलेली गरम करून देऊ म्हणाल, तर तेही नाही. प्यायचं माणूस समोर हवं आणि करणाऱ्याने ओट्यापासून हलायचं नाही.

आमच्या घरी हेच अवघड होतं. उपनगरांतल्या बहुतेक घरांची हीच कथा असेल. मुलाची लोकल वेगळी, सुनेची वेगळी, नातीचा क्लास तिसऱ्या वेळी. सकाळी एक मोठं आधण होतं, थर्मासात भरलं जातं आणि ज्याला जसा वेळ मिळेल तसा जो तो आपला कप भरून घेतो. एका घरात राहून चौघं चार वेळी चहा पितात. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांचा कप त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला जातो.

पहिल्या रविवारी दुपारी चारला मी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि आब्लाने शिकवल्याप्रमाणे एकेकाला विचारत गेले. मुलगा म्हणाला ओर्ता, म्हणजे मध्यम. सुनेला थोडी गोड. नातीला अर्थातच पुष्कळ. सासूबाई खुर्चीत टेकून बसल्या होत्या. विचारलं, "आई, तुम्हाला साखर किती घालू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "मला साधी दे. मला गोड चहा कधी आवडलाच नाही."

कुणालाच काही सुचेना. १९५९ साली लग्न होऊन त्या या घरी आल्या. दोन खोल्यांत नऊ माणसं, एकच स्टोव्ह, एकच आधण. मुलाने विचारलं, "अगं आजी, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? सुनेने वेगळं मागायचं नसतं. पुढे सवय झाली. आणि कुणी विचारलंही नाही रे."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. गॅसचा नंबर सांगावा, तसं त्या बोलल्या. मग नातीने त्यांना तो स्टोव्ह कुठे होता, नऊ माणसं कोण कोण, असं विचारायला सुरुवात केली आणि त्या सांगत गेल्या. कॉफीचा फेस चढला, मी जेझ्वे उचलली, फेस वाटला. बिनसाखरेचा पहिला घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. दुसरा घोट घेतला आणि म्हणाल्या, "कडू आहे, पण बरं वाटतं."

तेव्हापासून बहुतेक रविवारी चारला आमच्याकडे जेझ्वे चढते. समोरच्या दारातले जोशीबुवांसारखे एकटे राहणारे काकाही येतात. त्यांना ओर्ता लागते. एखाद्या रविवारी कुणाची तरी गाडी चुकते, कुणाला तरी काम निघतं, मग तिघंच असतो. पण आठवड्याच्या इतर दिवशी एक बदल कायमचा झाला आहे. सकाळी आमच्या ओट्यावर आता चहाची दोन पातेली चढतात. एक सगळ्यांचं आणि एक छोटं, साधं, आईंचं.